ते पाकीट वकिलाचे नाही, कोर्टाचे आहे

प्रश्न (निवृत्त शिक्षक, दारव्हा तालुका): मी गावातून आठ पानांचे मासिक काढतो. पीकपाणी, आरोग्य, कविता, शब्दकोडे, दहावीच्या पोरांसाठी गणिताचे एक पान. राजकारण कधी छापले नव्हते. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी वाचकांची पत्रे राजकारणावरच येऊ लागली, म्हणून शेवटचे पान त्यांना मोकळे करून दिले. नोव्हेंबरच्या अंकात 'एक त्रस्त शेतकरी' या नावाने पत्र छापले. सोयाबीन खरेदी केंद्रावर बाजार समितीचे 'ते पांढऱ्या गाडीतले संचालक' आपल्या माणसांचा माल ओलाव्यात बसवून घेतात आणि बाकीच्यांना पैसे मागतात, असे त्यात होते. जानेवारी २०२५ मध्ये संचालकाच्या वकिलाची नोटीस आली, मी उत्तर दिले नाही. आता आणखी एक नोटीस आली आहे. पानाखाली 'या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' असे छापलेले आहे, तरी मी अडकतो का? पत्र लिहिणाऱ्याचे नाव सांगून टाकू का? माफी मागू का? पुढच्या अंकात ते पत्र आणि नोटीस शेजारी-शेजारी छापून वाचकांनाच ठरवू द्यावे, असेही मनात आहे.

गुरुजी, चार प्रश्न विचारलेत आणि विचारायला हवा होता तो पाचवा एका ओळीत उरकलात: 'आता आणखी एक नोटीस आली आहे.' सोबतच्या फोटोत त्या कागदावर गोल शिक्का आहे, प्रकरणाचा क्रमांक आहे, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाचे नाव आहे आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख आहे. वकील असा शिक्का मारत नाहीत. हा कागद कोर्टातून आलेला आहे आणि तुमचे पुढचे सगळे या एका तारखेवर अवलंबून आहे. पानठेल्यावर तुम्हाला कोणी म्हणालेच असेल, 'गुरुजी, काई होत नाई, ठेवून द्या कपाटात.' पहिली नोटीस तशीच कपाटात गेली. ही जाऊ देऊ नका.

अब्रुनुकसानीची खाजगी फिर्याद आली की पूर्वी दंडाधिकारी फिर्यादीची जबानी घेत आणि त्यांना वाटले तर थेट समन्स काढत. आरोपीला पहिला निरोप समन्सचाच मिळे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम २२३ च्या पहिल्याच परंतुकाने, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटीने, हा क्रम बदलला. आरोपीला म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय दंडाधिकाऱ्यांना अशा फिर्यादीची दखलच घेता येत नाही. तुमच्या हातातली नोटीस त्या संधीची आहे. कोर्ट विचारते आहे, 'ही फिर्याद चालवायला घ्यावी का, तुमचे काय म्हणणे?' मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईडीच्या एका प्रकरणात, आरोपीला ही संधी दिली नव्हती एवढ्याच कारणावरून दखल रद्द केली. ज्या संधीसाठी लोक दिल्लीपर्यंत गेले, ती तुमच्या घरी पोस्टाने आली आहे.

आणि ती गेली तर? मग समन्स निघेल. अब्रुनुकसानीला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा, म्हणून हा समन्स पद्धतीचा खटला. यात एकदा समन्स काढले की तेच दंडाधिकारी ते मागे घेऊ शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच स्पष्ट केले आहे. मग सत्र न्यायालयात रिव्हिजन (म्हणजे फेरतपासणीचा अर्ज) किंवा नागपूर खंडपीठात अर्ज, नाहीतर खटला शेवटपर्यंत. शेवटपर्यंत म्हणजे काय ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. फिर्यादी गैरहजर, पुढची तारीख. साहेब रजेवर, पुढची तारीख. वकिलांचा बहिष्कार, पुढची तारीख. सकाळच्या एसटीने जायचे, दुपारी कँटीनचा चहा प्यायचा आणि नवीन तारीख खिशात घालून परत यायचे. साठीनंतर हा छंद बरा नव्हे.

म्हणून आजच ते पाकीट पुन्हा उघडा आणि आत काय-काय आहे ते बघा. नुसता एक कागद आहे, की फिर्यादीची प्रत आणि फिर्यादीच्या शपथेवरच्या जबानीची प्रतही आहे? कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका राजकारण्याच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यातच सांगितले की आधी फिर्यादीची आणि साक्षीदारांची शपथेवरची जबानी व्हावी, नंतर आरोपीला नोटीस जावी आणि नोटिशीबरोबर या सगळ्याच्या प्रती जाव्यात. तो निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण वजनदार आहे. प्रती नसतील तर तुमच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला लेखी अर्ज देऊन त्या मागाव्यात. आरोप काय तेच कळले नसेल तर म्हणणे कशावर मांडायचे? प्रती मागणे म्हणजे वेळकाढूपणा, असे समोरचे म्हणतील. म्हणू द्या.

म्हणणे काय मांडायचे, हा भाग फिर्याद वाचल्याशिवाय मला खात्रीने सांगता येणार नाही. पण एक मुद्दा डोळ्यासमोर येतो. ही फिर्याद ज्याची अब्रू गेली त्यानेच करायची असते. तुम्ही छापलेल्या पत्रात नाव नाही. बाजार समितीवर १८ संचालक असतात. पत्र वाचून कोणाच्या मनात नेमका कोण आला, हे फिर्यादीला दाखवावे लागेल. आता तुम्ही म्हणाल, पांढरी गाडी गावात एकाच संचालकाची आहे. तसे असेल तर हा मुद्दा लुळा पडला, आणि तो तुमच्याच पानाने पाडला. 'पांढऱ्या गाडीतले' हे दोन शब्द तेव्हा लाल पेनाने खोडले असते तर आज मला एवढे लिहावे लागले नसते. गणिताचे पान तपासणाऱ्या माणसाला हे शब्द दिसू नयेत, याचे मला नवल वाटते.

दुसरा मुद्दा लोकहिताचा. खरेदी केंद्र हा सार्वजनिक प्रश्न आहे. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, खुल्या बाजारात भाव त्याच्या कितीतरी खाली होता आणि केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. नोव्हेंबरात ती १५ टक्के झाली, पण तोवर बरेच शेतकरी ट्रॉली माघारी घेऊन गेले होते. अशा वेळी केंद्रावरच्या वागणुकीबद्दल लिहिणे हे अब्रुनुकसानीच्या गुन्ह्याला कायद्याने ठेवलेल्या, सद्भावनेने केलेल्या टीकेच्या अपवादात बसू शकते. 'शकते' म्हणतो, कारण कायद्यात सद्भावना म्हणजे मनाचा भोळेपणा नव्हे. पुरेशी काळजी आणि लक्ष न देता जे केले, ते सद्भावनेने केले असे कायदा मानत नाही. म्हणून विचारतो: छापण्याआधी तुम्ही केंद्रावर गेलात का? संचालकांना फोन केला का? माघारी पाठवलेल्या एकाही शेतकऱ्याची ओलाव्याची पावती बघितली का? तुमच्या पत्रावरून उत्तर 'नाही' असेच दिसते. अपवाद लागू होतो की नाही हा बराचसा पुराव्याचा विषय आहे, या पहिल्या टप्प्यावर दंडाधिकारी त्यात किती शिरतील हे सांगता येत नाही.

पुरावा जमवायला वेळ होता. जानेवारीत पहिली नोटीस आली तेव्हाच माहिती अधिकारात अर्ज टाकला असता की त्या केंद्रावर कोणत्या तारखेला किती माल आला, किती नाकारला, ओलावा किती नोंदवला, तर तीस दिवसांत उत्तर यायला हवे होते. आले नसते तर अपील होते. ते कागद आज तुमच्या हातात असते. आता अर्ज टाका, उद्याच टाका, पण ते उत्तर तारखेपर्यंत येईल अशी आशा धरू नका.

मूळ पत्र सांभाळून ठेवले आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. लिहिले नाही, म्हणजे बहुधा ते रद्दीत गेले. घरात शोधा, सुनेला विचारा, प्रेसवाल्याकडे विचारा. ते हस्ताक्षर, ते पाकीट, पोस्टाचा शिक्का, हे सगळे तुमच्या बाजूचे आहे. कोणीतरी खरेच पत्र पाठवले होते, तुम्ही टेबलावर बसून ते रचले नाही, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

आता तुमचे बाकीचे प्रश्न, झटपट. 'संपादक सहमत असतीलच असे नाही' ही ओळ मी महाराष्ट्रातल्या प्रत्येक दिवाळी अंकात वाचली आहे, आणि तिच्या जोरावर कोणी सुटल्याचे माझ्या बघण्यात नाही. ती ओळ तुमच्या आणि लेखकाच्या मधली. तिऱ्हाइताच्या अब्रूचे नुकसान तिने भरून निघत नाही. शेवटच्या पानावर तळाशी 'मुद्रक, प्रकाशक, संपादक' म्हणून तुमचेच नाव छापलेले असते ना? कोर्ट ती ओळ वाचते. बदनामीकारक मजकूर जाणूनबुजून छापणे हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये वेगळा गुन्हा आहे, म्हणून फिर्यादीने प्रेसवाल्यालाही ओढलेले आहे का ते बघा. असेल तर दोघांनी एकच वकील करू नका, तुमचे हित एक नाही.

लेखकाचे नाव सांगितल्याने तुम्ही सुटत नाही, फक्त आरोपी एक वाढतो. आणि तो शेतकरी त्याच बाजार समितीत माल नेणार आहे. कोर्टाने शपथेवर विचारले तर खोटे बोलू नका. न विचारता सांगण्याची घाई करू नका. तो स्वतः पुढे येऊन साक्ष द्यायला तयार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तो तुमचा सगळ्यात मोठा आधार ठरेल.

पुढच्या अंकात ते पत्र पुन्हा छापायचा विचार मात्र आत्ताच्या आत्ता डोक्यातून काढा. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला मुदत कायद्याने प्रसिद्धीपासून एक वर्ष दिले आहे. तुमच्या अंकाला वर्ष होऊन गेले. संचालकांनी वर्षाच्या आत दावा लावला नसेल तर पन्नास लाख असोत की पाच कोटी, नोटिशीत लिहिलेल्या आकड्याला आता अर्थ उरत नाही. नोटीस पाठवल्याने ती मुदत लांबत नाही. (दावा मुदतीत लागला आणि समन्स अजून तुमच्यापर्यंत पोचलेच नाही, असेही होते. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर तुमच्या नावाने शोधून घ्या, नातवाला सांगा.) पण तेच पत्र तुम्ही पुन्हा छापले की ती नवी प्रसिद्धी होते. नवी प्रसिद्धी, नवे वर्ष, नवा दावा. जी मुदत त्यांनी स्वतःच्या आळसाने घालवली, ती तुम्ही आठ पानांवर छापून त्यांच्या हातात परत द्याल. फौजदारीची मुदत तीन वर्षे आहे, तीही मग नव्याने सुरू.

माफीबद्दल मी दुरून मत देणार नाही. बिनशर्त लेखी माफी म्हणजे आरोपाची कबुली असे कोर्टात वाचले जाऊ शकते. 'संबंधितांची बाजू आम्ही तेव्हा घ्यायला हवी होती, ती आता प्रसिद्ध करतो' असा खुलासा, मूळ आरोप न उच्चारता, बरेचदा जास्त उपयोगी पडतो. हा गुन्हा तडजोडीचा आहे, फिर्यादीने ठरवले तर मिटतो. पण संचालकांना माफी हवी आहे, की पुढच्या निवडणुकीपर्यंत चालणारा खटला हवा आहे, हे ओळखणे तालुक्यातल्या वकिलाचे काम. माफी असो की खुलासा, छापायचा तो मजकुराचा मसुदा वकिलाने बघितल्यावरच, आणि शक्यतो तारखेआधी.

राजकीय पत्रे बंद करा असे मी म्हणणार नाही. गावात तीच पत्रे वाचली जातात, कवितांचे पान आधी कोणी उघडत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. फक्त 'हा माणूस निवडून देण्यासारखा नाही' आणि 'याने पैसे घेतले' यातला फरक तुम्ही पोरांना व्याकरणात शिकवलेला आहे. पहिले मत, दुसरे विधान. मत छापा. विधान छापायचे असेल तर आधी समोरच्याला विचारा, त्याचे उत्तर त्याच अंकात घ्या, लेखकाचे खरे नाव, पत्ता आणि सही ठेवा आणि मूळ कागद निदान तीन वर्षे जपा. विधानसभेला किंवा लोकसभेला कोणी वाचकाचे पत्र वेगळे पत्रक म्हणून दोन हजार प्रती छापून मागितले, तर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता आणि प्रकाशकाचे साक्षांकित घोषणापत्र नसताना ते छापू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७क मध्ये त्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. पत्रक घेऊन गेलेला कार्यकर्ता नंतर ओळख देत नाही.

सोमवारी दारव्ह्याला जा. ते पाकीट, पहिली नोटीस, नोव्हेंबरचा अंक आणि मूळ पत्र सापडले तर ते, एवढे पिशवीत घ्या आणि फौजदारी बाजू बघणाऱ्या वकिलाकडे वकीलपत्र द्या. तुमच्या पाकिटाच्या फोटोत फक्त पुढची बाजू आहे, नोटीस कोणत्या तारखेला हातात पडली ते मागच्या बाजूला पोस्टाच्या शिक्क्यावरून कळू शकेल. ते पाकीट फेकू नका.