झाडाचं चित्र काढून काय होतं?

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन वर्षांपूर्वी नव्या इमारतीत राहायला आलात, शेजाऱ्यांशी ओळख अजून लिफ्टमधल्या हसण्यापुरतीच आहे. गेले तीन महिने रोज संध्याकाळी आवारातल्या झाडासमोर बसून त्याचं चित्र काढता. मुलगा म्हणतो, ‘एवढा वेळ आहे तर चार झाडं लाव, चित्रं काढून काय होतं?’ येणारेजाणारे टक लावून बघतात, अवघडायला होतं. म्हणून विचारलंय, वही आता घरातच ठेवू का?

नका ठेवू.

त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे, अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं. सात-आठ वर्षांची एक मुलगी मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘तुम्ही घरटं काढलंच नाही.’ तुम्ही मान वर केलीत, तर खरंच घरटं होतं. दोन वर्षांत त्या आवारात कुणी तुमच्याशी बोललेलं हे पहिलं मनापासूनचं वाक्य असावं, असं मला वाटतं. तिचं नाव पत्रात नाही. विचारलंत का?

एरवी आपण झाड बघतो म्हणजे ‘झाड आहे’ एवढं मनात नोंदवून पुढे जातो. पेन्सिल हातात आली की तेवढ्यावर भागत नाही. पानं समोरासमोर फुटलीत की एकाआड एक, साल उभी चिरलीय की पापुद्र्यांनी सुटतेय, हे नीट पाहिल्याशिवाय रेघ पुढे सरकत नाही. एक दिवस पानं काढूच नका. पानांमधून दिसणारे आकाशाचे तुकडे तेवढे काढा, मग सगळं झाड वेगळंच दिसू लागेल. जॉन रस्किन हा इंग्रज कलासमीक्षक १८५४ पासून लंडनमधल्या कामगारांच्या कॉलेजात चित्रकला शिकवत असे. सुताराला चित्रकार करण्याचा त्याचा हेतूच नव्हता. चित्र काढता काढता निसर्गावर जीव जडावा, यासाठी तो शिकवत होता. तुमचं चित्र चांगलं येतं की नाही, हा प्रश्न म्हणूनच मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

मुलाचं म्हणणं मात्र उडवून लावू नका, झाडं लावायलाच हवीत. पण त्याला कासेलची गोष्ट सांगा. योसेफ बॉइस या कलावंतानं १९८२ मध्ये जर्मनीतल्या त्या शहरात संग्रहालयासमोर बसाल्टच्या ७,००० दगडांचा ढीग घातला. एक झाड लागलं की ढिगातला एक दगड उचलायचा आणि त्या झाडाशेजारी उभा करायचा. पुष्कळांना तो ढीग डोळ्यांत खुपला. पण तो हटवायचा तर झाडं लावण्यावाचून इलाज नव्हता, आणि किती लावायची राहिली ते सगळ्या गावाला दिसत होतं. १९८६ च्या जानेवारीत बॉइस वारला. शेवटचं झाड १९८७ मध्ये त्याच्या मुलानं लावलं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की दगड आहे तेवढाच राहतो आणि शेजारचं झाड वाढत जातं. रोज जवळून जाणाऱ्याला ती वाढ मोजता येते. लावलेलं रोप जगतं तेही रोज कुणीतरी त्याच्याकडे बघत असेल तर. मुलानं रोपं आणावीत, बघणारी तुमच्या घरात आहेच.

आता त्या टक लावून बघणाऱ्यांविषयी. लाजून वही मिटू नका, उलट त्यांनाच विचारा, ‘ही फांदी बरोबर वळलीय का हो?’ चित्राचं कौतुक करायला माणसं संकोचतात, पण चूक दाखवायला आनंदानं थांबतात. कुणी जुना रहिवासी सांगेल, ती फांदी कधी मोडली होती. सोबत दोन कोरे कागद आणि एक जास्तीची पेन्सिल ठेवा, कुणी मागितली तर द्या. शिकवायला जाऊ नका आणि कुणी स्पर्धा घेऊ म्हणालं तर ठाम नको म्हणा. नंबर काढायला लागलो की सगळे झाडाकडे बघायचं सोडून एकमेकांच्या कागदांकडे बघू लागतात.

रात्री उगाच रडू येतं, असंही तुम्ही लिहिलंय. ते सगळं चित्रावर सोपवू नका. जुन्या मैत्रिणीला फोन करा, आणि झोपही उडाली असेल तर डॉक्टरांशी बोला.

उद्या त्याच जागी, त्याच वेळेला बसा. ती मुलगी आली तर घरटं तिला काढू द्या, तुमच्याच कागदावर. आणि तिचं नाव मला नक्की कळवा.

तुमची,
ताई