वेब कंपोनंटच्या आतल्या भागांना बाहेरून स्टाइल कशी द्यावी? ऑफिसात एकच नियम ठेवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावातल्या तीन पतसंस्थांच्या साइटसाठी तालुका निवडायचा एकच वेब कंपोनंट (स्वतःचं एचटीएमएल आणि सीएसएस आत ठेवणारा, पुन्हा वापरता येणारा टॅग) केलाय. मराठीत तो ठीक दिसतो. कन्नड केलं की चिक्कोडी, हुक्केरी, निप्पाणी ही नावं खालून कापली जातात, अथणी आणि खानापूर मात्र शाबूत. बाहेरून सीएसएस लिहून काही फरक पडत नाही, आणि प्रत्येक संस्थेला आपला रंग हवाय.

आधी कापलेली अक्षरं. चिक्कोडीत 'क्क' आहे, निप्पाणीत 'प्प'. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन ओळीच्या खाली उतरतं. अथणीत जोडाक्षरच नाही, म्हणून ते नाव कापलं जात नाही. कंपोनंटच्या आत ठरावीक हाइट आणि ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवणं) असेल तर खालचा भाग जाणारच. हाइटऐवजी मिन-हाइट ठेवा आणि लाइन-हाइट एककाशिवाय 1.6 द्या.

बाहेरचे सिलेक्टर शॅडो डॉमच्या (कंपोनंटच्या आतल्या, पानापासून वेगळ्या ठेवलेल्या रचनेच्या) आत शिरत नाहीत, ते मुद्दामच तसं आहे. ही भिंत भेदणारा 'डीप' सिलेक्टर क्रोमने 2017 मध्ये निकामी केला, जुन्या उत्तरांत सापडला तरी वापरू नका. लाइन-हाइट, फाँट, अक्षरांचा रंग हे वारशाने आत जातं. पण इनपुट आणि बटण यांना ब्राउझर स्वतःचा फाँट लावतो, म्हणून आत त्यांना 'फाँट: इनहेरिट' लिहावंच लागतं. फाँट-फेसची (फाँटची फाइल जोडणाऱ्या नियमाची) घोषणा मुख्य पानावर करा, शॅडोच्या आत केलेली चालत नाही.

माझं मत: रंग, कडा, अंतर यांसाठी कस्टम प्रॉपर्टी (सीएसएसमधलं आपण नाव दिलेलं मूल्य, तेही वारशाने आत जातं), आणि बाकीच्यासाठी 'पार्ट' (आतल्या भागाला दिलेलं नाव, त्यावरून बाहेरचा सीएसएस तो भाग पकडतो). कस्टम प्रॉपर्टीचं डीफॉल्ट मूल्य व्हार फंक्शनच्या (ती प्रॉपर्टी वापरणाऱ्या फंक्शनच्या) दुसऱ्या जागी लिहा. ते होस्टवर (कंपोनंटच्या स्वतःच्या टॅगवर) घोषित केलंत तर संस्थेने बॉडीवर दिलेला रंग होस्टपाशीच अडतो. या चुकीत लोकांचे तास जातात, कारण डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरच्या तपासणी-साधनांत) बॉडीवरचं मूल्य अगदी बरोबर दिसत असतं.

'पार्ट' हे स्यूडो-एलिमेंट (असा भाग पकडणारा सिलेक्टर) क्रोम 73, फायरफॉक्स 72 आणि सफारी 13.1 पासून आहे. त्याला होव्हर, फोकस जोडता येतं. पण पार्टच्या पोटातला स्पॅन किंवा फर्स्ट-चाइल्ड पकडता येत नाही. म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीला 'ओळ' हे पार्ट-नाव द्या, आणि निवडलेल्या ओळीला त्याच अॅट्रिब्यूटमध्ये 'निवडलेली' हे दुसरं नाव जोडा. कंपोनंटच्या आत कंपोनंट असेल तर मधल्याने एक्स्पोर्टपार्ट्स हे अॅट्रिब्यूट लिहायलाच हवं, नाहीतर आतली नावं बाहेर दिसत नाहीत. स्लॉटमधून (कंपोनंटमधल्या, पानाचा मजकूर घेणाऱ्या जागेतून) दिलेला मजकूर मात्र बाहेरच्याच पानाचा, त्याला साधा सीएसएस लागतो.

बाहेरचा पार्टचा नियम आतल्या साध्या नियमावर मात करतो. दोन्हीकडे 'इम्पॉर्टंट' (नियमाला जास्त वजन देणारी खूण) लावलं की उलट होतं, आतला जिंकतो. तेव्हा कंपोनंटच्या आत 'इम्पॉर्टंट' लिहायचं नाही, हे ऑफिसात ठरवूनच टाका.

नावं कामावरून ठेवा: खूण, चौकट, यादी, ओळ, चूक. 'निळी' किंवा 'डावी' नको. ही नावं एकदा बाहेर दिली की तिन्ही साइट त्यांवर उभ्या राहतात. बदलायचीच झाली तर पार्टमध्ये जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं स्पेस देऊन लिहा, आणि तिन्ही साइट नव्या नावावर आल्यावरच जुनं काढा.