यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर चालतोय, आता बाइंडिंगच्या यॅमल फाइलमध्ये नेमकं काय लिहायचं?

तुमचा ड्रायव्हर तयार आहे, पेनड्राइव्ह लावला की दिसतो, पण लिनक्सच्या मेनलाइनला, म्हणजे मुख्य अधिकृत कोडला, पॅच पाठवल्यावर आधी बाइंडिंग डॉक्युमेंट करा असं उत्तर आलं, आणि तुम्ही विचारताय की ड्रायव्हर ज्या प्रॉपर्टी वाचतो त्या सगळ्या यॅमलमध्ये उतरवल्या की काम झालं का. नाही होणार, रिव्ह्यूमध्ये नेमकं तिथेच अडकेल.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डवर कुठलं हार्डवेअर कसं जोडलंय याचं कर्नलला दिलेलं वर्णन, आणि बाइंडिंग म्हणजे त्या वर्णनात एखाद्या डिव्हाइससाठी कुठल्या प्रॉपर्टी कशा लिहायच्या याचे नियम; यॅमलमधल्या त्या नियमांनाच स्कीमा म्हणतात. म्हणून बाइंडिंगमध्ये हार्डवेअर काय आहे ते लिहायचं असतं. त्यामुळे ड्रायव्हरचा कोड बाजूला ठेवा आणि चिपचं मॅन्युअल अन् बोर्डचं स्किमॅटिक समोर घेऊन बसा. ही डिव्हाइस ट्री एकट्या लिनक्सची नाहीये, यू-बूट आणि फ्रीबीएसडीसुद्धा तीच वापरतात, म्हणूनच नवीन स्कीमाचं लायसन्स जीपीएल आणि दोन कलमी बीएसडी असं दुहेरी मागतात. आणि बोर्ड एकदा लोकांच्या हातात गेला की त्यातला डीटीबी (डिव्हाइस ट्रीची कंपाइल केलेली फाइल) कोणी अपडेट करेलच असं नाही, उद्याच्या कर्नलला आजचा डीटीबी चालवावाच लागतो. ड्रायव्हरमधला बग पुढच्या रिलीजला निघून जातो हो, पण प्रॉपर्टीचं नाव एकदा बाहेर पडलं की ते वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं.

प्रत्येक प्रॉपर्टीला मी एकच प्रश्न विचारतो: हे बोर्डप्रमाणे बदलतं, चिपप्रमाणे बदलतं, की कोणाच्या मर्जीप्रमाणे?

बोर्डप्रमाणे बदलणारं आत घ्या. डीआर_मोड बघा, म्हणजे पोर्ट होस्ट म्हणून चालणार की डिव्हाइस म्हणून ते सांगणारी प्रॉपर्टी (नावात अंडरस्कोर आहे कारण ते जुनं आहे, तुम्ही नवीन नाव दिलंत तर डॅशच वापरा). तोच कंट्रोलर एका बोर्डवर टाइप-ए सॉकेटला जोडलाय तर होस्ट, दुसऱ्यावर होस्ट आणि डिव्हाइस अशा दोन्ही भूमिकांत चालणाऱ्या टाइप-सीला जोडलाय तर ओटीजी. मॅक्सिमम-स्पीडचं पण तसंच, कंट्रोलर ५ गिगाबिटचा असेल पण बोर्डवर सुपरस्पीडच्या तारा काढल्याच नसतील तर हाय-स्पीड, म्हणजे ४८० मेगाबिटवर थांबायचं, आणि हे चिपला आपणहून कळत नाही, कुठेतरी लिहावंच लागतं.

चिपप्रमाणे बदलणारं कम्पॅटिबलवरून, म्हणजे डिव्हाइस ट्रीत लिहिलेल्या चिपच्या नेमक्या नावावरून, कळलं पाहिजे. समजा सस्पेंडमधून उठताना तुमच्या कंट्रोलरला एक जादा रीसेट द्यावा लागतो आणि हे त्या एसओसीच्या (प्रोसेसर आणि कंट्रोलर एकत्र असलेल्या चिपच्या) प्रत्येक नगात आहे, तर त्यासाठी वेगळी क्वर्क प्रॉपर्टी, म्हणजे हार्डवेअरची खोड सांगणारी प्रॉपर्टी, कशाला, ड्रायव्हरच्या मॅच टेबलमध्ये (तो कुठल्या कम्पॅटिबलना चालतो त्या यादीत) त्या कम्पॅटिबलपुढे फ्लॅग ठेवा. डीडब्ल्यूसी३ या बऱ्याच चिपमध्ये असणाऱ्या यूएसबी ३ कंट्रोलरच्या स्कीमात अशा क्वर्कची रांगच्या रांग दिसेल, ते बघून तसंच करावंसं वाटतं, पण नवीन बाइंडिंगला ते सहजासहजी मान्य होत नाही. हे जमायला कम्पॅटिबल प्रत्येक एसओसीचं स्वतंत्र हवं, वाइल्डकार्ड टाकून अख्ख्या फॅमिलीला एकच नाव देऊ नका. तोच ब्लॉक नव्या चिपमध्ये आला तर नव्या चिपचं नाव आधी आणि जुनं फॉलबॅक म्हणून मागे.

मर्जीचं, म्हणजे डीबग मेसेज हवेत का, ड्रायव्हरने बफर केवढा घ्यायचा, ते सगळं बाहेर.

आता क्लॉक, इथे जरा वेळ द्या. बऱ्याचदा असं असतं की कंट्रोलरला बस, रेफरन्स आणि सस्पेंड अशी तीन क्लॉक लागतात, त्यातलं रेफरन्स बूटलोडरनेच चालू ठेवलेलं असतं, त्यामुळे ड्रायव्हर त्याला हातच लावत नाही आणि मग बाइंडिंगमध्ये दोनच येतात. चिपला तीन तारा आहेत ना, मग तीनही लिहा. नुसतं मॅक्सआयटम्स ३ लिहून सोडू नका, कुठलं क्लॉक कशासाठी ते एकेक करून क्रमाने लिहा, कारण तो क्रमही कराराचाच भाग आहे, नंतर मध्येच चौथं घुसवता येत नाही. जास्तीचं आलंच तर शेवटी, आणि ऐच्छिक.

बाकी रेग (रजिस्टरांचा पत्ता), इंटरप्ट, रीसेट, पीएचवाय (तारेवरचे सिग्नल सांभाळणारा भाग) हे शेजारच्या फाइली बघून जमेल. फाइल बाइंडिंग्जच्या यूएसबी फोल्डरमध्ये, नाव कम्पॅटिबलवरून. डीआर_मोड आणि मॅक्सिमम-स्पीड स्वतः परत डिफाइन करू नका, यूएसबीच्या कॉमन स्कीमा तयार आहेत त्यांना रेफ, म्हणजे संदर्भ, द्या, आणि रेफ दिलात तर शेवटी अनइव्हॅल्युएटेडप्रॉपर्टीज फॉल्स लिहा, अॅडिशनलप्रॉपर्टीज फॉल्स लिहिलंत तर कॉमन स्कीमातून आलेली नावं चेकमध्ये अडतात.

पाठवण्याआधी डीटीस्कीमा हे पायथन पॅकेज टाकून मेक डीटी_बाइंडिंग_चेक चालवा. फाइलच्या शेवटी जे उदाहरण असतं ते शोभेचं नाहीये, ते खरोखर कंपाइल होऊन तुमच्याच स्कीमाशी ताडलं जातं, म्हणून त्यात तुमच्या बोर्डचा खरा नोड (डिव्हाइस ट्रीतली कंट्रोलरची नोंद) टाका, फक्त स्टेटसची ओळ काढून. मग डीटीबीएस_चेक पण चालवा, बोर्डच्या फाइलमध्ये असलेलं पण स्कीमात नसलेलं लगेच वर येतं.

पॅच वेगळा ठेवा, सिरीजमध्ये ड्रायव्हरच्या आधी, आणि कमिट मेसेजमध्ये हा कंट्रोलर कुठल्या एसओसीत आहे, किती पोर्ट देतो, कुठल्या पीएचवायला जोडलाय एवढं लिहा. तिथेही ड्रायव्हर हा शब्द यायची गरज नाही.