औद्योगिक सुरक्षा दलात निघालेल्या मुलीला

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

निकाल लागला, सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल मिळालं आणि तुझा चेहरा पडला, असं आई फोनवर सांगत होती. सीमेवर जायचं होतं, आता कुठल्यातरी कारखान्याच्या गेटवर उभं राहावं लागणार, हेच मनात आलं असेल ना? माझी उमेदीची वर्षं याच दलात गेली, म्हणून हक्काने लिहितो.

रांचीच्या हेवी इंजिनीअरिंग कॉर्पोरेशनमध्ये १९६४ साली मोठी आग लागली. चौकशीला न्यायमूर्ती मुखर्जी आयोग बसला आणि सरकारी कारखान्यांची राखण साध्या रखवालदारांवर सोडून भागणार नाही, हे स्पष्ट झालं. १९६८ला कायदा झाला, १० मार्च १९६९ला दल उभं राहिलं. १९८३ पासून ते सशस्त्र दल आहे. कंदाहारच्या विमान अपहरणानंतर, २०००मध्ये, जयपूरपासून सुरुवात होऊन विमानतळ आपल्याकडे यायला लागले. आज तारापूरचं अणुवीज केंद्र, मुंबई विमानतळ, दिल्ली मेट्रो, सगळीकडे आपलीच माणसं आहेत. यातल्या एका ठिकाणी जरी घात झाला, तरी किती घरांत आकांत होईल, विचार कर.

आता गेटचं काम. मालाचा ट्रक बाहेर निघतो तेव्हा ड्रायव्हर घाईत असतो, मागे रांग लागलेली असते. तू गेट पास हातात घे. ट्रकचा नंबर, मालाचं नाव, नग किंवा वजन जुळव. मग सही बघ. ज्या साहेबांना पास द्यायचा अधिकार आहे, त्यांच्या सह्यांचे नमुने पोस्टवर ठेवलेले असतात. ते रोज उघडून बघायचे, तोंडओळखीवर जायचं नाही. केबिनमधली सीट, टूलबॉक्स, ताडपत्रीची घडी तपास. तांब्याची केबल अशाच जागी दडवतात. आणि हे सगळं करताना आवाज चढू द्यायचा नाही. हजारातले नऊशे नव्याण्णव कामगार प्रामाणिक असतात, त्यांना रोज चोरासारखं वागवलं तर एक दिवस खरी खबर द्यायला तुझ्याकडे कोणी येणार नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

विमानतळावर गेलीस तर बायकांची झडती पडद्याआड तुलाच घ्यावी लागेल. एखादी आजी पहिल्यांदाच विमानात बसणार असते. मंगळसूत्रावर डिटेक्टर वाजला की ती घाबरते. हात लावण्याआधी "आजी, आता पाठ तपासते" एवढं म्हण. तपासणी मात्र पूर्ण कर. दया आली म्हणून अर्धी सोडायची नाही.

कायद्याने आपल्याला ठरावीक प्रसंगी वॉरंटशिवाय अटक करता येते, पण पकडलेल्या माणसाला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं असतं. पुढचा तपास त्यांचा. तिथे कोणाला चौदावं रत्न दाखवायचा मोह झाला, तर आवर. पकडल्याची वेळ, जागा, हजर असलेल्यांची नावं लगेच लिहून ठेव.

आपल्या दलाला स्वतःची अग्निशमन शाखा आहे. तू त्या शाखेत नसलीस तरी ज्या जागेची राखण करतेस, ती समजून घे. खताच्या कारखान्यात अमोनियाचा उग्र वास आला तर आधी वारा कुठून वाहतोय ते बघायचं आणि वाऱ्याला आडवं निघायचं. त्यासाठीच उंचावर कापडी वातदर्शक लावलेला असतो. नव्या पोस्टवर गेलीस की पहिल्याच दिवशी तो कुठून दिसतो ते बघून ठेव. आगीसाठी पाणी घ्यायचे हायड्रंट कुठे आहेत, संकटात सगळ्यांनी जमायची जागा कुठली, कंट्रोल रूमचा नंबर काय, हेही त्याच दिवशी.

परीक्षा मराठीतून दिलीस, छान केलंस. आता हिंदी बोलायची सवय कर, वायरलेसवर अडखळून चालत नाही. बूट आत्तापासूनच पायात रुळव. आणि पोस्टिंग कुठे मिळालं ते कळलं की लगेच फोन कर. तिथे काय बनतं, काय साठवतात, कशापासून जपायचं, ते मी बसून सगळं सांगेन.

तुझा,
काका