खरजेचं क्रीम लावून दहा दिवस झाले, तरी रात्री खाज सुटतेच. औषध लागू पडलं नाही का?

लागू पडलं असावं. पण तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ मला खटकली: 'घरात बाकी कोणालाच खाज नाही, म्हणून मी एकट्यानेच लावलं.' गडबड तिथे आहे.

मी डॉक्टर नाही, ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. लालबागला चाळीतल्या एका खोलीत आम्ही सहा जण. तीन वर्षांपूर्वी भाचा हॉस्टेलवरून खरूज घेऊन आला. क्रीम फक्त त्याला लावलं. आईला सांगितलं, तर म्हणे, "मला काय धाड भरलीय?" महिनाभराने तिच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ, आणि भाच्याला पुन्हा लागण. शिकवणाऱ्याच्या घरात हे, काय बोलणार!

खरजेची खाज चावल्याची नसते. खरूज होते ती बारीक किड्यांमुळे. त्यांची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते, तिथेच विष्ठा टाकते. या सगळ्याची आपल्या शरीराला ॲलर्जी येते, तीच खाज. पहिल्याच लागणीत ती ॲलर्जी तयार व्हायला ४ ते ६ आठवडे जातात. तोवर माणूस गाढ झोपतो आणि शेजारच्याला खुशाल प्रसाद वाटतो. आधी होऊन गेली असेल, तर एक-दोन दिवसांतच खाज सुटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफील्डमध्ये केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांना मुद्दाम खरूज लावून पाहिली. दुसऱ्या खेपेला खाज लगेच आली, पण किडे पहिल्यापेक्षा खूपच कमी राहिले. रुग्णांच्या पांघरुणांतून मात्र फार थोड्यांनाच लागण झाली. ती पसरते मुख्यतः अंगाला अंग लागून. तेव्हा गाद्या फेकू नका. चादरी-कपडे गरम पाण्यात धुवा, धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवा.

किडे मेले तरी त्यांचा कचरा कातडीत उरतो, म्हणून उपचारानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यासाठी रोज क्रीम चोपडू नका, कातडी उगाच चुरचुरते. मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइडची ट्यूब तर आणूच नका. खाज दबते, किडे मजेत वाढतात.

घरात कोणी म्हातारं माणूस किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारं असेल, तर त्यांचे हात-पाय नीट बघा. एरवी अंगावर दहा-पंधरा किडे असतात. प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांत ते हजारोंनी होतात, जाड खपल्या धरतात, आणि खाज कधीकधी नसतेच. अशांना नुसतं क्रीम पुरत नाही, डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही देतात.

आता डॉक्टरांना विचारून सगळ्यांनी एकाच रात्री ५ टक्के पर्मेथ्रिनचं क्रीम लावा. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, काखेत. सकाळी आंघोळ, आठवड्याने पुन्हा एकदा. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर ते आधीच सांगा. चार आठवड्यांनंतरही नवे फोड येत राहिले, तर त्वचेच्या ओपीडीत जा, आणि जाताना घरच्यांनाही सोबत न्या.