आषाढात पडद्यावर काय लावायचं?

प्रश्न : वडिलांनी १९७९ साली बांधलेलं ५४० खुर्च्यांचं टॉकीज गेल्या वर्षापासून मी सांभाळते. आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागातलं, तालुक्याचं. दिवाळी, ईद आणि मे महिना बरा जातो. जून ते सप्टेंबर मात्र चारही खेळांना मिळून शंभर माणसं होत नाहीत. वितरक म्हणतो, मोठ्या नटाची नवी फिल्म घ्या, पण मिनिमम गॅरंटी मागतो. आमचे ऑपरेटर काका म्हणतात, जुन्या गाजलेल्या फिल्मा लावा. घरचे म्हणतात, चार महिने सरळ कुलूप घाला. कुणाचं ऐकू?
— एक वाचक

उत्तर : ताई, कुलूप घालू नका. मार्च २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात मधले काही महिने सोडले तर आपल्याकडची थिएटरं बंदच होती. मी तेव्हा अकरा थिएटरांचं बुकिंग, म्हणजे कुठं कोणती फिल्म लावायची ते, बघायचो. त्यातली चार पुन्हा उघडलीच नाहीत. गाद्यांत उंदीर शिरले, पडद्याला बुरशी धरली, डोअरकीपर बाजार समितीत हमालीला लागला. आणि लोकांची टॉकीजकडं वळायची सवय मोडली, ती काही दुरुस्ती करून परत आणता येत नाही. चार महिन्यांच्या कुलपानंही हेच सगळं होतं, फक्त थोड्या प्रमाणात.

आता वितरकाचं. पावसाळ्यात मिनिमम गॅरंटीवर फिल्म घेऊ नका, नट कितीही मोठा असो. गॅरंटीची रक्कम तुम्ही आधी भरता, मग पाऊस पडो, रस्ता बंद होवो, नुकसान तुमचंच. १९९७ च्या जुलैमध्ये मी एका थिएटरसाठी अशी फिल्म घेतली होती. दुसऱ्याच दिवशी ओढ्याला पाणी आलं आणि तीन दिवस पलीकडच्या एकाही गावातून माणूस आला नाही. एका खेळाला नऊ तिकिटं गेली. वितरकाकडून एक रुपया परत मिळाला नाही. मालकाच्या घरी जाऊन हे सांगताना माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. तुमचं पत्र वाचताना तोच दिवस आठवला, म्हणून इतकं ठासून सांगतो आहे.

टक्केवारीवर घ्या, म्हणजे जेवढा गल्ला जमेल त्यातलाच ठरलेला वाटा वितरकाला, आणि पहिल्या आठवड्याचा हट्ट धरू नका. दुसऱ्या आठवड्यात वितरक नरम येतो, आणि फिल्म कशी आहे ते सगळ्यांना कळलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र थांबू नका. तोवर ती पोरांच्या मोबाईलवर फिरायला लागलेली असते.

पण फिल्म ठरवण्याआधी तीन गोष्टी बघून या.

पहिली, एसटी स्टँडवरचं वेळापत्रक. वाड्या-वस्त्यांकडं जाणाऱ्या शेवटच्या गाड्या कधी सुटतात ते लिहून घ्या. समजा सव्वाआठला सुटतात. मग तुमचा सहाचा खेळ फक्त गावातल्या गावात राहणाऱ्यांसाठी उरतो, आणि पावसात तेही बाहेर पडत नाहीत. तोच खेळ पाचला आणा. सव्वादोन तासांची फिल्म मध्यंतरासकट साडेसातला सुटते, चहा पिऊन गाडी मिळते. पावणेतीन तासांची लावलीत तर शेवटची मारामारी सुरू व्हायच्या आत अर्धा स्टॉल उठून स्टँडकडं पळेल आणि पुढच्या वेळी येणार नाही. पावसाळ्यात मी फिल्मची लांबी आधी विचारतो, नटाचं नाव नंतर.

दुसरी गोष्ट, तुमचं छप्पर. १९७९ चं बांधकाम म्हणजे बहुधा पत्राच असणार. जोराची सर आली की पत्र्याखाली संवाद ऐकू येत नाहीत. हळू आवाजात बोलणाऱ्या माणसांची, चार भिंतींतली फिल्म कितीही चांगली असली तरी जुलैमध्ये लोक 'आवाज, आवाज' म्हणून ओरडतात. तशी फिल्म फेब्रुवारीसाठी ठेवा, तेव्हा परीक्षांमुळं पोरं नसतात आणि मोठी माणसं शांतपणे बसून बघतात. पावसात गाण्यांची, हाणामारीची, डोळ्यांनी कळणारी फिल्म लावा. दक्षिणेतल्या हिंदीत डब केलेल्या फिल्मा आपल्याकडं पावसाळ्यातही चालतात, त्यामागं हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

तिसरी, वडिलांच्या वह्या. रोजच्या कलेक्शनच्या नोंदी त्यांनी ठेवल्या असतीलच. जून ते सप्टेंबरची पानं काढा आणि फिल्मचं नाव झाकून नुसता वार बघा. आठवडी बाजाराच्या दिवशी बाराचा खेळ इतर दिवसांपेक्षा वर गेलेला दिसेल. माळवं विकून झालेल्या बायका, खत न्यायला आलेले शेतकरी, रान ओलं, वापसा नाही म्हणून रिकामे असलेले गडी, हा तुमचा पावसाळ्यातला प्रेक्षक. म्हणून म्हणतो, चारऐवजी दोनच खेळ ठेवा, बाराचा आणि पाचचा. चार खेळांना नव्वद माणसं येत असतील तर त्यातली सत्तर तरी या दोन खेळांना येतात. वीज गेली की जनरेटरला लागणारं डिझेल निम्मं वाचतं. शिवाय पस्तीस माणसं एकत्र बसली की हसतात, शिट्टी मारतात. वीस माणसं ५४० खुर्च्यांत विखुरली की गप्प बसतात.

बायकांचा विचार मी वेगळा करतो. नागपंचमीला लेकी माहेरी येतात, आणि तुमच्या भागात तर शिराळ्यामुळं हा सण मोठाच. त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावी अशी मराठी फिल्म बाराच्या खेळाला हवीच. 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला लागली, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. पुढं अधिक श्रावण आल्यानं नागपंचमी लांबली, तरी बायका गटागटानं, नटून-थटून येत राहिल्या. ऐन पावसाळ्यात. बायका येत नाहीत असं नसतं, त्यांना एकटीनं यायचं नसतं. बचत गटाच्या ताईंना आधी जाऊन भेटा, दहा जणी मिळून आल्या तर बाल्कनी स्टॉलच्या दरात द्या, आणि स्वच्छतागृहात दिवा आणि पाणी आहे का ते स्वतः बघा. हे शेवटचं मी मालकांना कितीदा सांगितलं असेल! तुम्ही स्वतः बाई आहात, तुम्हाला ते पटवून द्यावं लागणार नाही.

गणपतीच्या दहा दिवसांत पाचच्या खेळाची आशा धरू नका, ती आरतीची वेळ. पण लोक रात्री देखावे बघायला गावात येतात. त्यांच्यासाठी रात्री साडेनऊला एक खेळ लावून बघा, नुसता मारधाडीचा.

आता तुमच्या ऑपरेटर काकांचं. त्यांचं म्हणणं पितृपक्षात खरं ठरतं. मोठे निर्माते पितृपक्षात नवी फिल्म आणायला कचरतात, त्यामुळं तुम्हाला खेळ मोकळे मिळतात. 'तुंबाड' २०१८ मध्ये आली तेव्हा बेताचीच चालली. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लावली, चार-पाच दिवसांनी पितृपक्ष लागला, आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा करून गेली. २०२५ मध्ये 'दशावतार' तर नवी कोरी फिल्म, १२ सप्टेंबरला ऐन पितृपक्षात लागली आणि चालली. तेव्हा पंधरवडा वाईट म्हणून हातपाय गाळू नका. काकांना एवढंच सांगा, की त्यांच्या मनातली प्रत्येक जुनी फिल्म आता मिळत नाही. रिळांच्या पेट्या गेल्या. जी यूएफओ किंवा क्यूब या थिएटरांना डिजिटल फिल्मा पुरवणाऱ्या कंपन्यांकडं उपलब्ध आहे तीच लावता येते, म्हणून त्यांची यादी घेऊन आधी चौकशी करा.

तिकीट ८० रुपयांच्या वर नेऊ नका. शंभरपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तो फरक खुर्च्या शिवून घ्यायला वापरा.

प्रश्न : फिल्म चांगली चालली म्हणून आम्ही दुसरा आठवडा वाढवला, पोस्टरही लावलं. शुक्रवारी बाराला ऑपरेटरनं बटण दाबलं तर पडदा काळाच. पन्नास जणांचे पैसे परत करावे लागले. असं का झालं?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : फिल्म तुमच्या सर्व्हरवर असली तरी ती उघडणारी डिजिटल किल्ली ठरावीक तारखेपर्यंतचीच असते. तुमची गुरुवारी रात्री संपली. वितरकाशी फोनवर बोलणं झालं म्हणजे नवी किल्ली निघाली असं होत नाही. आठवडा वाढवायचा तर मंगळवारीच लेखी कळवा, गुरुवारी सकाळी किल्ली आली का ते ऑपरेटरला बघायला सांगा, आणि मगच पोस्टर चिकटवा. ज्या पन्नास जणांचे पैसे परत केलेत त्यांतले जे ओळखीचे असतील त्यांना येत्या बाजाराच्या दिवशी फुकट बसवा.