जेवणाच्या डब्यांचा धंदा सुरू करतेस ना? मग आधी हे वाच

वीस गिऱ्हाइकं असतील तर वीस डबे घेऊन भागत नाही गं. एक गिऱ्हाइकाकडे, एक धुण्यात, म्हणजे चाळीस. वर हरवायचे चार-पाच. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातून एकाच मापाचे स्टीलचे घे, नाहीतर झाकणं जुळवण्यातच सकाळ जाते. प्रत्येकावर नाव आणि नंबर कोरून घे. स्टिकर चार धुण्यांत निघतो.

अनामत घ्यायला लाजू नकोस. मी सुरुवातीला ओळखीपाळखीत मागितली नाही, तर दिवाळीत माझे अकरा डबे चकल्यांसकट गेले ते गेलेच! आता डब्याची निम्मी किंमत आधी घेते, रिकामा डबा आला की परत.

झाकणातली रबरी रिंग काढून धू, उन्हात वाळव. कालच्या आमटीचा वास तिथेच दडतो. लोणचं मात्र काचेच्या बरणीतच द्यायचं, मीठ आणि आंबट स्टीलला खातं.

आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्यांच्या मागे लागू नकोस. 2022 च्या अखेरीपासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगला बंदी आहे. जाड महाग पडते आणि शेवटी कचरागाडीतच जाते. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिव.